इमोबिलायझरची दुसरी किल्ली, वरूडमध्ये: एका घरपोच सेवेविषयी अभिप्राय

हा अभिप्राय अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या बाजार रस्त्यावर किल्ल्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या सेवेविषयी आहे. त्याच्या दुकानावर पाटी नाही, त्यामुळे पत्ता विचारत विचारतच जावे लागते. कुलपे, कपाटांच्या किल्ल्या आणि दुचाकींची लॉक एवढ्यावर चालत आलेल्या त्या टपरीत आता मोटारगाड्यांच्या इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, किल्ली प्रोग्रॅम करण्याचे यंत्र आले आहे, आणि ते यंत्र घेऊन हा कारागीर तालुक्यातल्या गावांत घरपोच येतो. आमच्याकडे नागपूरहून घेतलेली एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. व्यवहाराच्या वेळी तिची एकच किल्ली मिळाली होती, म्हणून दुसरी याच्याकडून करून घेतली. त्या किल्लीवर आता एक पावसाळा निघून गेला आहे, तेव्हा मत मांडण्याइतका वापर झाला आहे असे समजण्यास हरकत नाही.

दुसऱ्या किल्लीची गरज काय, असा प्रश्न गावात हटकून विचारला जातो, कारण आपल्याकडे किल्लीची पहिली ओळख ट्रॅक्टरमुळे होते आणि एका ट्रॅक्टरची किल्ली शेजारच्या ट्रॅक्टरला लागते हे अनेकांनी स्वतः करून पाहिलेले असते. मोटारगाडीचे तसे नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीची एकुलती एक किल्ली हरवली, तर नवी किल्ली नुसती कापून भागत नाही. गाडीला ती नव्याने ओळखायला शिकवावे लागते, आणि हाताशी एकही चालू किल्ली नसताना हे काम बहुतेक गाड्यांत अधिक किचकट आणि महाग होते. संत्र्याच्या हंगामात दिवसातून दहा वेळा बागेत वाकणाऱ्या माणसाच्या खिशातील एकमेव किल्लीवर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. विम्याचा मुद्दा याहून वेगळा आहे. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या कागदांबरोबर गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागते, आणि एक किल्ली कमी असली की त्याचा खुलासा गाडीच्या चालू मालकालाच करावा लागतो; ती आधीच्या मालकाकडून मिळालीच नव्हती, हे सांगून प्रश्न सुटत नाही.

सेवेचे मोल समजण्यासाठी ही यंत्रणा कशी चालते ते थोडे पाहावे लागेल. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक लहानशी चिप असते, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. काही किल्ल्यांत ती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या काचेच्या नळीत असते, काहींत काळ्या चौकोनी तुकड्याच्या रूपात, तर काहींत रिमोटच्या पट्टीवरच बसवलेली असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे एक कडे असते, आणि किल्ली फिरवली की त्या कड्यातून बहुधा १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्याच क्षेत्रातून चिपला उत्तर देण्यापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख कळवते. साध्या जुन्या चिपा ठरलेला एकच क्रमांक सांगतात. नंतरच्या चिपांना गाडी दर वेळी नवे आव्हान देते आणि दोघांनाच माहीत असलेल्या गुप्त आकड्याच्या आधारे चिपने त्याचे अचूक उत्तर द्यावे लागते. उत्तर जुळले की इंजिनच्या संगणकाला परवानगी जाते. जुळले नाही तर इंधनाचा पुरवठा किंवा ठिणगी रोखली जाते, आणि स्टार्टरने इंजिन नुसते फिरत राहते किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडते.

या कारागिराने काम सुरू करण्यापूर्वी हेच आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवले. जुन्या किल्लीवरून पाते कापून, चिप न घालता ती नवी किल्ली त्याने इग्निशनमध्ये फिरवली. दार उघडले, स्टिअरिंग सुटले, स्टार्टरने इंजिन फिरवलेही, पण गाडी काही सुरू झाली नाही आणि मीटरवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहिले. हा प्रयोग करायला त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती. गिऱ्हाइकाने पैसे कशाचे द्यायचे आहेत हे त्याला आधी कळावे, एवढ्यासाठी त्याने तो केला, आणि मला ती पद्धत आवडली.

ही यंत्रणा काही आजची नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून आणि कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुतीच्या गाड्यांच्या संदर्भात ‘आय-कॅट्स’ हे जे नाव ऐकू येते, ते याच प्रकारच्या यंत्रणेचे आहे. ती गाडीत आहे हे बहुतेक मालकांना कळते ते मात्र किल्लीची मूठ फुटल्यावर. मूठ फुटते, कोणीतरी बाजारातून नवी मूठ आणून जुने पाते तिच्यात बसवून देतो, जुन्या मुठीतली ती इवलीशी चिप कचऱ्यात जाते, आणि काल चालणारी गाडी आज सुरू होत नाही. त्यानंतर बॅटरीपासून पेट्रोलच्या पंपापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन होतो. जुनी मूठ कधीही फेकू नये, हे या कारागिराने न विचारता सांगितले.

आता किल्ली करून घेण्याच्या मार्गांविषयी. पहिला मार्ग कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा. अमरावती काय किंवा नागपूर काय, आमच्या भागातून दोन्हीकडे जायचे म्हणजे शंभरेक किलोमीटरचा पल्ला पडतो. शहरातील एका अधिकृत केंद्राकडे चौकशी केली तेव्हा चेसिस क्रमांकावरून किल्ली मागवावी लागेल, आगाऊ रक्कम भरावी लागेल आणि किल्ली आल्यावर गाडी घेऊन यावे लागेल, असे सांगण्यात आले. इथवर तक्रारीला जागा नाही, कारण अस्सल सुटा भाग, छापील बिल आणि हमी यांची किंमत असतेच. पुढचे मात्र पटले नाही. गाडी जुनी आहे, तेव्हा सगळा लॉकसेटच, म्हणजे दारांची आणि इग्निशनची कुलपे, बदलून घ्या, असा सल्ला फोनवरच देण्यात आला. आणि सध्या गाडीच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत हे तुम्ही पाहून सांगाल का, या प्रश्नावर पलीकडच्या व्यक्तीला प्रश्नच नीटसा कळला नाही. सांगितलेला खर्च साडेआठ हजारांच्या घरात होता आणि त्यात लॉकसेट धरलेला नव्हता.

दुसरा मार्ग अगदी स्वस्त आणि सोपा होता. आठवडी बाजारात छत्रीखाली बसणाऱ्या एकाने किल्ली हातात घेऊन पाहिली आणि हजार रुपयांत लगेच चिपसकट नक्कल करून देतो म्हणाला. गाडी कोणाची, कागद कुठे आहेत, यांतले त्याने काहीच विचारले नाही. गाडी जवळ आणण्याचीही त्याला गरज नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तेथून परत आलो. ज्याला आमचे कागद पाहावेसे वाटत नाहीत, तो उद्या आमची किल्ली घेऊन आलेल्या दुसऱ्या कोणाचेही कागद पाहणार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे हा वरूडचा कारागीर. फोनवर त्याने गाडीचे मॉडेल, साल, किल्ली फिरवून सुरू होते की बटण दाबून, आणि चालू किल्ली हाताशी आहे का, एवढे विचारून घेतले आणि दर तेथेच सांगितला. ठरल्या दिवशी तो दुचाकीवर आला. पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच म्हणाला, “काकाजी, आदी आरसी दाखवा, मंग मशीन काढतो.” आरसीवरचे नाव आणि माझ्या ओळखपत्रावरचे नाव त्याने ताडून पाहिले, चेसिस क्रमांक आरसीवर वाचला आणि गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळवला. गाडी अजून माझ्या नावावर झाली नसती तर त्याने काम केले नसते, असे त्याने स्पष्टच सांगितले. आमच्या गावात एकाला त्याने याच कारणावरून परत पाठवल्याचे नंतर समजले. त्या माणसाला अर्थातच राग आला होता. माझ्या मते या धंद्यातील कारागिराची पहिली परीक्षा येथेच होते, आणि त्यात तो पूर्ण उतरला.

यंत्र म्हणजे टॅब्लेटसारखा दिसणारा पडदा आणि त्याला जोडलेली केबल. केबलचे दुसरे टोक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी यंत्र जोडण्याच्या खाचेला, लागते. या वर्गातील ऑटेल, एक्सहॉर्स अशा चिनी कंपन्यांची यंत्रे आता लहान शहरांतही दिसू लागली आहेत आणि याचे यंत्रही त्यांतलेच होते. ते जोडण्याआधी त्याने बॅटरीचा दाब मोजला. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट असतो, आणि आमची त्याहून बरीच खाली होती. प्रोग्रॅमिंग चालू असताना दाब घसरला तर अर्धवट लिहिलेली नोंद बिघडून चालू किल्लीही निकामी होण्याचा धोका असतो, म्हणून त्याने सोबत आणलेली बॅटरी जंपर केबलने जोडली. चार्जर का आणत नाही असे विचारल्यावर तो नुसता हसला. थ्री-फेजची वेळ आणि घरची लाइट यांचा हिशेब ज्याला रोज करावा लागतो, त्याला या हसण्याचा अर्थ सांगायला नको.

यानंतर जे घडले, त्यासाठीच मुख्यतः हा अभिप्राय लिहीत आहे. नवी किल्ली नोंदवण्याआधी त्याने गाडीच्या स्मृतीत असलेल्या किल्ल्यांची संख्या वाचली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. “गाडीले तीन चाब्या ठाऊक हायेत. तुमच्याजवळ एक. बाकी दोन कोनाजवळ हायेत?” गाडी विकणाऱ्याने आम्हाला दुसरी किल्ली हरवली असे सांगितले होते, तिसरीचा त्याने उल्लेखही केला नव्हता. त्याच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही, कारण त्याच्याही आधी गाडीला एक मालक होता आणि दरम्यान कोणी कधी किल्ली करून घेतली हे त्यालाही ठाऊक नसावे. तरी वस्तुस्थिती अशी होती की आमच्या अंगणात उभी असलेली गाडी सुरू करू शकतील अशा दोन किल्ल्या बाहेर कुठेतरी होत्या, आणि नुसती एक किल्ली वाढवून घेऊन आम्ही समाधानाने बसलो असतो तर ते कधी कळलेच नसते.

पुष्कळ गाड्यांत नोंदणीची पद्धत अशी असते की जुन्या सगळ्या नोंदी पुसायच्या आणि त्या वेळी हजर असतील तेवढ्याच किल्ल्या एकामागून एक नव्याने नोंदवायच्या. आमच्या गाडीत तसेच झाले. त्यासाठी गाडीचा गुप्त पिन लागतो, तो यंत्राने गाडीतून वाचून घेतला. दोन्ही किल्ल्या पाळीपाळीने इग्निशनमध्ये फिरवून झाल्यावर त्याने पुन्हा संख्या वाचली, ती दोन आली, आणि तो पडदाही त्याने मला दाखवला. पिन त्याने कागदावर लिहून दिला व तो गाडीत ठेवू नका असे बजावले. काम आटोपल्यावर गाडी सुरू करून दाखवणे हे कोणीही करील. स्मृतीतील संख्या कामाच्या आधी आणि नंतर दाखवणारा मला तरी हा पहिलाच भेटला, आणि किल्ली करून देणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी निदान एवढे दाखवलेच पाहिजे असे माझे मत झाले आहे.

पुसलेल्या किल्लीविषयी त्याने जी सावधगिरी सांगितली, तीही नोंदवण्यासारखी आहे. “बंद केली म्हणजे गाडी चालू होनार नाई, पन दरवाजा उघडते बरं.” पात्याचा आकार तोच राहतो, त्यामुळे ज्याच्याकडे जुनी किल्ली असेल तो दार उघडून आतले सामान नेऊ शकतो, स्टिअरिंगही सोडवू शकतो, त्याला अडतो तो फक्त इंजिनपाशी. ते नको असेल तर दारांचे आणि इग्निशनचे बॅरल, म्हणजे किल्ली शिरते तो कुलपाचा गाभा, बदलावे लागतात. म्हणजे सेवा केंद्राचा लॉकसेटचा सल्ला मुळातून चुकीचा नव्हता. त्यामागचे कारण त्यांनी सांगितले नाही, एवढेच. आम्ही बॅरल बदलले नाहीत, कारण गाडीत मौल्यवान सामान ठेवण्याची आमची सवय नाही. रिमोटची नोंदही अनेक गाड्यांत चिपच्या नोंदीपासून वेगळी असते. चिप पुसली म्हणजे जुना रिमोट आपोआप निकामी झाला असे धरून चालू नये. तो वेगळा पुसला का, हे विचारावे. आमच्या गाडीत रिमोटही त्याने नव्याने शिकवून घेतले.

येथे नक्कल आणि नोंदणी यांतील फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण बाजारात दोन्हींना एकाच सुरात ‘डुप्लिकेट’ म्हणतात. नकलेत जुन्या चिपमधील सगळी माहिती कोऱ्या चिपमध्ये उतरवली जाते आणि गाडीला त्या दोन किल्ल्या एकच वाटतात. रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर धान्य उचलता यावे, तसा हा प्रकार आहे. ती नक्कल हरवली तर तिची नोंद वेगळी पुसता येत नाही, कारण ती पुसायची तर मूळ किल्लीही पुसली जाते. नोंदणीत नव्या चिपला स्वतःची ओळख असते आणि गाडी ती वेगळी मोजते.

नक्कल मुळात शक्य कशी होते, हाही एक बोधप्रद इतिहास आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या (बिट जितके जास्त, तितका आकडा लांब आणि शोधायला अवघड) गुप्त आकड्यावर चालणाऱ्या चिपची पद्धत २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी उलगडली. जगभर पुष्कळ गाड्यांत वापरल्या गेलेल्या ४८ बिटांच्या हिटॅग-२ या चिपचा गुप्त आकडा काही मिनिटांत शोधता येतो, हे २०१२ मध्ये युरोपातील संशोधकांनी दाखवले. मेगामॉस क्रिप्टो या ९६ बिटांच्या चिपवरील शोधनिबंध तर फोक्सवॅगनच्या अर्जावरून ब्रिटनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे शोध ज्यांनी लावले त्यांनी ते दोष दाखवण्यासाठी लावले, पण आज तशा जुन्या चिपांची नक्कल हातातल्या यंत्रावर आठवडी बाजारातही होऊ शकते. अनेक नव्या चिपा १२८ बिटांच्या गुप्त आकड्यावर चालतात आणि त्यांना हे सहजी लागू पडत नाही; मात्र आपल्या खेड्यांत फिरणाऱ्या बहुसंख्य जुन्या गाड्या जुन्याच चिपांवर चालतात.

यातून संख्या वाचण्याच्या पद्धतीची एक मर्यादाही पुढे येते, आणि ती कारागिरानेच सांगितली हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. आमच्या जुन्या किल्लीची कोणी पूर्वी नक्कल करून ठेवली असेल, तर ती मोजणीत येत नाही. आणि जुनी किल्ली आम्ही नव्याने नोंदवून चालू ठेवली असल्यामुळे काही गाड्यांत तिची नक्कलही चालू राहू शकते. पूर्ण निर्धास्त व्हायचे असेल तर दोन्ही किल्ल्या नव्या चिपांच्या करून जुनी कायमची बाद करावी, असा त्याचा सल्ला होता. तो ऐकून मी जुन्या किल्लीतील चिपही बदलून घेतली. तेवढ्याचे त्याने फक्त चिपचे पैसे लावले.

खर्चाचे सांगायचे तर रिमोटसह नवी किल्ली, प्रोग्रॅमिंग, जुन्या नोंदी पुसणे आणि येण्याजाण्याचे मिळून ३,२०० रुपये झाले. जुन्या किल्लीतील चिपचे ४०० रुपये वेगळे. रिमोट नको असेल आणि नुसती चिपची किल्ली हवी असेल तर हजारभर रुपये कमी होतात. गाडी दाराशीच राहिली, शहराच्या फेरीचे पेट्रोल आणि मोडलेला दिवस वाचला, हे त्यात धरले तर दर रास्त आहे. फार स्वस्त आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. रिमोट कंपनीचा नाही. जुन्या रिमोटने बागेच्या फाटकातून गाडी उघडते, याच्याने जवळ जावे लागते. प्रथम वाटले की सेल हलका असेल, पण नवा सीआर २०३२ घातल्यावरही फारसा फरक पडला नाही. बटणाचे रबर एका पावसाळ्यातच सैल झाले आहे. एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो की रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होण्यात काही अडत नाही, कारण चिपला त्या सेलची गरजच नसते. तेव्हा रिमोटचे दुखणे हे सोयीचे दुखणे आहे, धोक्याचे नाही. पाते कापताना राहिलेली कड सुरुवातीला दाराच्या कुलपात अडकत असे. त्याने नंतर ती घासून दिली, पण ती देण्यापूर्वीच घासायला हवी होती.

पावती हाताने लिहिलेली मिळाली, तीही मागितल्यावर. तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि किती किल्ल्या नोंदवल्या, हे मी त्याच्याकडून लिहवून घेतले, कारण विम्याच्या वेळी असा कागद जवळ असलेला बरा. हमी तोंडी आहे. दिवसा तो फोन उचलत नाही. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतरच बोलणे होते.

सगळ्यांत न पटलेली गोष्ट म्हणजे कागदपत्रांचे फोटो. ओळख पटवण्यासाठी कागद पाहणे योग्यच आहे आणि त्याची मी वर स्तुती केली आहे, परंतु आरसी आणि आधार कार्ड यांचे फोटो तो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवतो आणि ते पुढे कधी पुसतो का, यावर त्याच्याकडे नीट उत्तर नव्हते. पोलिसांनी विचारले तर दाखवता यावेत म्हणून ठेवतो, हे त्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. तरी ज्याच्या मोबाइलमध्ये गावोगावच्या गाड्यांचे क्रमांक, मालकांचे पत्ते आणि कोणाकडे किती किल्ल्या आहेत याची माहिती एकत्र आहे, त्याने त्या मोबाइलला निदान पक्के कुलूप लावावे, अशी अपेक्षा गैर नाही. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत देता येते. मी दुसऱ्या वेळी ती दिली आणि त्याने हरकत घेतली नाही. वाचकांनीही तीच द्यावी किंवा वाहन चालवण्याचा परवाना दाखवावा.

ज्यांच्या गाडीला किल्लीऐवजी बटण आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. तशा गाड्यांतील स्मार्ट किल्ली खिशातूनच गाडीशी बोलते. तिचा सेल संपला तर बऱ्याच गाड्यांत ती थेट बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करता येते, आणि दार उघडण्यासाठी तिच्या पोटात लहानसे पाते लपवलेले असते. एवढे माहीत असले तर अर्ध्या लोकांना कारागिराला बोलवावेच लागणार नाही. तशा किल्ल्या तो करतो, पण सगळ्या गाड्यांच्या नाही. अलीकडच्या काही गाड्यांत उत्पादक कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मिळाल्याशिवाय बाहेरचे यंत्र किल्ली नोंदवू शकत नाही, आणि त्या गाड्या तो सरळ शोरूमकडे पाठवतो. युरोपीय गाड्यांचे काम त्याने आमच्यासमोर फोनवरच नाकारले. हात घालून पाहू, जमले तर जमले, असे न म्हणता नाही म्हणणे हेही या कामात कौशल्यच आहे, कारण येथे न जमलेल्या प्रयोगाचा भुर्दंड गाडीच्या मालकाला पडतो.

बोलावण्याआधी काही गोष्टींची तयारी ठेवावी. गाडीच्या जेवढ्या किल्ल्या घरात असतील तेवढ्या सगळ्या त्या दिवशी हाताशी असाव्यात, कारण हजर नसलेली किल्ली नोंदी पुसल्यावर बाद होते. मुलगा एक किल्ली घेऊन पुण्याला गेला असेल तर तो येईपर्यंत थांबावे. नवी गाडी घेताना किल्लीबरोबर क्रमांक कोरलेली बारीक पट्टी मिळाली असेल तर तीही शोधून ठेवावी, कारण सगळ्या किल्ल्या हरवल्या तरी त्या क्रमांकावरून पाते कापता येते. किल्ली हरवली असेल तर आधी पोलीस ठाण्यात तशी नोंद करून तिची प्रत जवळ ठेवावी. वरूड शहरात तो येण्याचे वेगळे पैसे घेत नाही, जवळपासच्या गावांत ते दरातच धरतो. मोर्शी किंवा काटोलच्या बाजूला मात्र दोन-तीन गाड्यांचे काम एकदम जमले तरच निघतो, त्यामुळे गावात आणखी कोणाला किल्ली करून घ्यायची आहे का, हे आधी विचारून मग एकत्रच फोन करणे सोयीचे पडते.